हिशेबाबाहेरची मात्रा

तेरेखोलची नदी जिथे समुद्राला मिळते तिथे खरे तर गोव्याचा नकाशा संपायला हवा. नदी ही सरहद्द. अलीकडे गोवा, पलीकडे महाराष्ट्र. परंतु नकाशा तिथे संपत नाही. नदीच्या उत्तर तीरावर एक टेकडी, टेकडीवर किल्ला आणि किल्ल्याच्या आसऱ्याला वसलेला चिमुकला गाव, एवढा तुकडा पैलतीरी असूनही गोव्याचाच आहे. सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेमसावंत भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला १७४६ साली पोर्तुगिजांनी जिंकून घेतला आणि ही जमीन त्यांच्या दप्तरी चढली ती चढलीच. १९५४ च्या १५ ऑगस्टला आल्फ्रेड आफोंसो आणि त्यांच्या सोबतच्या सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा लावला होता. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावरही तो तुकडा जिथल्या तिथे राहिला. रेघ ओढून झाल्यावर लेखणीतून एक थेंब पलीकडे पडावा तसा तो दिसतो.

लेखा खात्यात तीस-बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला असे थेंब स्वस्थ बसू देत नाहीत. आमच्या खात्याचा पहिला धडा असा की बेरीज जुळली पाहिजे, आणि जुळली पाहिजे म्हणजे तंतोतंत जुळली पाहिजे. कमी पडलेला रुपया जेवढा संशयास्पद, तेवढाच जास्त उरलेला रुपयाही. किंबहुना उरलेल्या रुपयाचे उत्तर देणे अधिक कठीण. ही शिस्त कचेरीपुरती राहिली असती तर बरे झाले असते. पण ती हळूहळू माणसाच्या स्वभावात उतरते. मीही सुखदुःखाच्या दोन रकान्यांत आयुष्य मांडत आलो आणि जे कोणत्याच रकान्यात बसत नाही त्याकडे पाठ फिरवत आलो.

या माझ्या शिस्तीला एका सुराने धक्का दिला, त्याची ही हकीकत. तो सूर होता ऑर्गनचा, रचना होती फ्रेंच, आणि मी ती ऐकली ती तेरेखोलच्या किल्ल्याखाली बसून.

ऑर्गन हा शब्द मराठी रसिकांना नवा नाही. संगीत नाटकांच्या सुवर्णकाळात बालगंधर्वांच्या गाण्यामागे भरून राहणारा ऑर्गन ज्यांनी ऐकला नसेल त्यांनी त्याच्याविषयी वाचले तरी असेलच. आमच्या पेडणे महालात त्याचा गरीब भाऊबंद अधिक ओळखीचा, तो म्हणजे पायपेटी. माझे वडील बागायत सांभाळून देवळाच्या उत्सवांत भजनाला आणि दशावतारी नाटकाला पायपेटीवर बसत. रात्र चढू लागली, मृदंगावर थाप पडली, झांज वाजू लागली की त्यांचे दोन्ही पाय भात्यावर आळीपाळीने चालू लागत. मला लहानपणी हातांपेक्षा त्या पायांचेच नवल वाटे. हात स्वर काढत; पाय त्या स्वरांना श्वास पुरवीत.

या पेटीचे कूळ शोधत गेले तर ते पॅरिसला पोहोचते. आलेक्सांद्र दबँ नावाच्या कारागिराने १८४० साली तिथे हार्मोनियमचे पेटंट घेतले. ज्या छोट्या गावांतल्या चर्चना मोठा ऑर्गन परवडत नसे, त्यांना हे वाद्य सोयीचे पडले. पुढे ते युरोपियनांबरोबर हिंदुस्थानात आले, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी त्याला मांडी घालून बसता येईल असे हाताच्या भात्याचे रूप दिले, आणि बघता बघता ते आपल्या देवघरात, रंगभूमीवर नि बैठकीत शिरले. ते परके आहे असा ठपका ठेवून आकाशवाणीने १९४० पासून तीसएक वर्षे त्याला दाराबाहेर उभे केले. पण लोकांनी काही त्याला घराबाहेर काढले नाही. आमच्या बोरीचे तुळशीदास बोरकर याच वाद्याच्या वादनासाठी पद्मश्रीने सन्मानित झाले, हे गोमंतकीय वाचकांना सांगायला नकोच.

वडिलांच्या मागे ती पायपेटी माझ्या पत्नीकडे आली. ती घरी वाडीतल्या मुलींना गाणे शिकवी. संध्याकाळी मी कचेरीतून परतलो की ओसरीवर सातआठ मुली मांडीवर ताल धरून बसलेल्या असत. मी चहा घेत घेत त्यांच्याबरोबर मनात मात्रा मोजी. गाणे मला येत नाही, मोजणे येते. ती हसून म्हणे, “तुम्हांला समेचीच काळजी. मधल्या मात्रांनी काय पाप केले आहे?”

२०२२ च्या आषाढात ती गेली. आजार थोडक्या दिवसांचा होता. त्यावर अधिक लिहिण्याची ही जागा नव्हे. पायपेटीवर चादर घातली गेली आणि वर्षाच्या आत सण करायचा नाही या रूढीने त्या साली घरी चवथही झाली नाही. चवथ नाही म्हणजे नेवऱ्या नाहीत. आणि खरे सांगायचे तर नेवऱ्यांना मुरड घालणारे हातच उरले नव्हते. एरवी मी रूढींविषयी फारसा काटेकोर नाही. परंतु या रूढीने माझी मोठी सोय केली. दुःखाचा रकाना तिने अधिकृत केला आणि मी त्याखाली रेघ ओढून स्वस्थ बसलो.

माझी लेक नि जावई फ्रान्समध्ये ग्रनोबल या गावी संशोधन करतात. आल्प्स पर्वताच्या कुशीतले ते गाव. त्याच वर्षी २२ डिसेंबरला तिला मुलगी झाली. पहाटे फोन आला. मी “बरे झाले, जप” एवढेच म्हणालो आणि फोन ठेवल्यावर ओसरीवर येऊन बसलो. ही बातमी सांगायची ती कोणाला आणि कोणत्या चेहऱ्याने, हेच कळेना. ज्या व्यक्तीला ती प्रथम सांगायची ती घरात नव्हती. दोन दिवस मी कोणाला बोललो नाही.

तेरेखोलला माझे एक ख्रिस्ती स्नेही राहतात. नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटीवर त्यांची सारी नोकरी झाली. निवृत्तिवेतनाच्या कागदांच्या निमित्ताने ओळख झाली ती टिकली. दर नाताळच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे जायचे हा आमचा बारा-तेरा वर्षांचा परिपाठ. पत्नीही बरोबर असे. त्या साली जावे की न जावे असे करीत अखेर निघालो. केरीच्या धक्क्यावरून दुपारच्या फेरीबोटीने पलीकडे जायचे, थोडी फळे द्यायची आणि पुढच्या खेपेला परत फिरायचे, असा बेत होता. घरात मंडळी चर्चच्या तयारीला गेलेली. सेंट अँथनीचे चर्च किल्ल्याच्या आतच आहे. ती येईतो मी किल्ल्याखालच्या उतारावर, नदीच्या मुखाकडे तोंड करून बसलो.

तेवढ्यात लेकीचा निरोप आला. “बाबा, शेजारच्या आजींनी बाळासाठी हे संगीत दिले आहे. आपल्या ग्रनोबलातच १९३५ च्या उन्हाळ्यात लिहिले गेले असे त्या सांगतात. आईला आवडले असते. ऐका.” शेवटच्या दोन वाक्यांमुळे ऐकणे भाग पडले. तिनेच पूर्वी दिलेली कानातली नळी लावली.

ऑलिव्हिए मेसियाँ या संगीतकाराची ती रचना. प्रभुजन्मावरच्या नऊ ध्यानांच्या मालिकेतले हे शेवटचे ध्यान. त्याचे नाव ‘द्यो पार्मी नू’, अर्थात ‘देव आपल्यामध्ये’. वाद्य एकच, ऑर्गन. पण हा आपला भात्याच्या पेटीचा ऑर्गन नव्हे. यात पितळी पट्ट्यांच्या जागी हजारो नळ्या असतात, काही बोटाएवढ्या तर काही माडाच्या उंचीच्या. वारा यंत्राने पुरवलेला असतो, त्यामुळे वादकाचे पाय मोकळे राहतात. आणि ते मोकळे पाय स्वस्थ न बसता खाली मांडलेल्या लाकडी पट्ट्यांवर खर्जाचे स्वर वाजवतात. वडिलांच्या पायांनी ज्या स्वरांना केवळ श्वास दिला, ते स्वर इथे पायच गात होते.

आरंभच अंगावर आला. जोरकस स्वरसंघांची एक ओळ वरून खाली कोसळत आली आणि तिच्या पाठोपाठ पायांतला खर्ज एकेक पायरी उतरत थेट जमिनीत गेल्यासारखा वाटला. देव खाली उतरतो आहे, असे ते चित्र असल्याचे मला मागाहून कळले. मग सारे शांत झाले; एक हळुवार, जवळिकीची सुरावट आली; नंतर पाखरांनी फांद्या बदलाव्यात तशी चपळ, उड्या मारणारी. माझी बोटे सवयीने मांडीवर मात्रा मोजू लागली. चार मोजल्या; पाचवीच्या जागी अर्धीच आली. पुन्हा पहिल्यापासून धरले. या वेळी एक मात्रा किंचित लांबली. समेची वाट पाहावी तर सम येईचना. कुठेतरी एक जादा तुकडा घातलेला होता. तो कधी इथे निघे, कधी तिथे. शेवटी वेगवान स्वरांची एक न थांबणारी झड सुरू झाली, तिच्याखाली तो उतरणारा खर्ज आता गर्जत येऊ लागला, आणि सारे मिळून एका प्रदीर्घ, लखलखीत स्वरसंघावर जाऊन थांबले. आठ-नऊ मिनिटांचा ऐवज. मोजणे मी मध्येच केव्हा सोडून दिले, ते आठवत नाही.

मला हसू आले. मोठ्याने. सहा महिन्यांत पहिल्यांदाच. आणि लगेच चोरी पकडली गेल्यासारखे वाटून मी मागे वळून पाहिले. मागे माझे स्नेही उभे होते.

“कितें जालें सायबा?”

मी सांगून टाकले. मुलीला मुलगी झाली. दोन दिवस झाले.

त्यांनी मला हाताला धरून घरी नेले. त्यांच्या पत्नीने नाताळच्या फराळाची बशी पुढे ठेवली. दोदोल, आणि त्याच्या शेजारी नेवऱ्या. मी बशीकडे पाहत राहिलो. वर्षाच्या आत सण नाही, हे त्या घराला माहीत होते. दर साली आमच्या चवथीच्या नेवऱ्या त्यांच्याकडे जात, त्या साली गेल्या नव्हत्या. बाई म्हणाल्या, “सायब, धुवेक भुरगें जालां न्हय? मागीर गोड खावंक जाय. दुख्ख करपाक फाल्यां आसा.” उद्याचे उद्या, एवढाच त्याचा अर्थ. मी नेवरी उचलली. परतीची फेरीबोट चुकली आणि पुढचीही चुकली.

त्यानंतर त्या रचनेने माझा पिच्छा सोडला नाही. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि लेखा खात्यातल्या माणसाला नोंदीचे मूळ शोधल्याशिवाय चैन पडत नाही. मेसियाँचा जन्म १९०८ चा. १९३१ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये तो ऑर्गनवादक म्हणून रुजू झाला आणि १९९२ साली मृत्यूपर्यंत त्याने ती जागा सोडली नाही. साठ वर्षांहून अधिक काळ एकाच टेबलावर! कोणत्याही सेवापुस्तकात अशी नोंद मी पाहिलेली नाही. ही नऊ ध्याने त्याच चर्चमध्ये २७ फेब्रुवारी १९३६ रोजी प्रथम वाजली. तीन तरुण वादकांनी प्रत्येकी तीन वाटून घेतली होती. त्यांच्या प्रस्तावनेतच मेसियाँने ‘जादा मूल्या’चे तत्त्व सांगून ठेवले आहे. नियमित चालणाऱ्या लयीत एक अगदी लहान काळ अधिक घालायचा: कधी एक स्वर, कधी स्वराशेजारचा एक ठिपका, कधी एक विसावा. तेवढ्याने लयीचा जुळलेला हिशेब मोडतो आणि ती पंख फुटल्यासारखी उचलली जाते. मांडीवरची माझी बोटे जिथे अडखळत होती ती जागा हीच.

आणि हे त्याला कशावरून सुचले? इथे मी खुर्चीत सावरून बसलो. आपल्या ‘संगीतरत्नाकरा’वरून! १९१३ साली फ्रान्समध्ये निघालेल्या एका संगीतकोशात भारतीय संगीतावर जोआनी ग्रोसे यांचा विस्तृत लेख होता. त्यात शार्ङ्गदेवाच्या तालाध्यायातील १२० देशी तालांचा तक्ता दिलेला होता. तो तरुण मेसियाँच्या हाती पडला आणि जन्मभर हाती राहिला. द्रुत, लघु, गुरू, प्लुत ही आपली कालमापे. आणि त्यांच्या जोडीला ‘विराम’. विराम म्हणजे द्रुतावर किंवा लघूवर घालायची खूण. ती घातली की त्या अक्षराचा काळ त्याच्या निम्म्याने वाढतो. रागवर्धन नावाच्या तालात अशी एक खूण आहे. १९४४ मध्ये आपल्या संगीतभाषेवर पुस्तक लिहिताना मेसियाँने या एका तालापासून सुरुवात केली आणि त्या अर्ध्या वाढीतून आपल्या जादा मूल्याचा विचार उलगडून दाखवला. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य जसे उलटसुलट सारखेच, तशा उलटसुलट सारख्या लयींचाही त्याला नाद होता, त्याचे बीजही त्याला याच तालात दिसले. पुढे आपल्या एका विशाल सिंफनीला त्याने ‘तुरंगलीला’ हे नाव दिले, तेही या तक्त्यातूनच उचललेले.

शार्ङ्गदेव कोण, हे आपल्या वाचकांना थोडेफार ठाऊक असेल. तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघण राज्य करीत होता, त्याच्या पदरी तो होता. त्याचा आजा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आला. आपल्यांतील अनेक घराण्यांच्या कुळकथा अशाच सुरू होतात: मूळ गाव एक, चाकरीचा गाव दुसरा, आणि दोनतीन पिढ्यांनी तो दुसराच आपला होतो. मात्र शार्ङ्गदेवाविषयीची एक गोष्ट मी वयाच्या साठीनंतर प्रथमच वाचली, आणि ती वाचून मला एकट्यालाच हसू आले. यादवांच्या दरबारी तो श्रीकरणात, म्हणजे हिशेबाच्या दप्तरात, अधिकारी होता. लेखा खात्यातला माणूस! दिवसभर राज्याच्या जमाखर्चाचे ताळे मिळवून रात्री त्याने तालांच्या तक्त्यात विरामाच्या खुणा मांडल्या असतील. ज्याचे हात हिशेबात मुरले होते त्याच्याच ग्रंथात ती न जुळणारी अर्धी मात्रा सांभाळून ठेवलेली होती.

यात भाबडेपणा नको. ते देशी ताल आपल्या मैफलींतून केव्हाच लोपले होते. मेसियाँने ते कोणा पखावजियाकडून ऐकून घेतले नव्हते, कोशाच्या पानावरून घेतले होते. त्याने त्यांतून जे उभारले त्यात आवर्तन नाही, सम नाही. आपला तबलजी त्याला ताल म्हणणार नाही आणि ते योग्यच. त्याची श्रद्धाही माझ्या घरातली नव्हे. पण परमेश्वर वैकुंठ सोडून भक्ताच्या दाराशी येऊन तिष्ठत उभा राहतो, ही कथा ज्या घरात पिढ्यान्पिढ्या अभंगांतून गायली गेली, तिथे ‘देव आपल्यामध्ये’ हे नाव परके वाटायचे कारण नाही.

मला खरी विचारायची होती ती गोष्ट निराळी. इतका आनंद या माणसाने आणला कुठून? सव्विसाव्या वर्षी माणूस आनंदी असतोच, असे म्हणून मी तो प्रश्न निकालात काढू पाहिला. परंतु त्याचे पुढचे आयुष्य वाचले. १९४० मध्ये तो जर्मनांच्या कैदेत पडला आणि कडाक्याच्या थंडीत, युद्धकैद्यांच्या छावणीत, १५ जानेवारी १९४१ रोजी त्याने आपली नवी रचना सहबंद्यांपुढे वाजवली. त्याची पत्नी क्लेर ही व्हायोलिनवादक नि संगीतकार. महायुद्धानंतर एका शस्त्रक्रियेपासून तिची स्मृती ढासळत गेली. तिला शुश्रूषागृहात ठेवावे लागले आणि १९५९ साली ती गेली. त्या साऱ्या वर्षांत दर रविवारी तो त्रिनितेच्या सज्जात चढून बसत होता. ज्या घरात आपल्याला ओळखणारे माणूस राहिलेले नाही तिथून निघून आनंद वाजवायला जायचे, हे त्याला कसे जमले असेल? मला त्याचे उत्तर देता येणार नाही. एवढे मात्र दिसते की दुःख फिटण्याची वाट पाहत तो थांबला नाही. दुःखाची मात्रा होती तेवढीच राहिली. तिच्यावर त्याने ती खूण घातली.

माझी चूक मला तिथे सापडली. मी आनंदाला शिल्लक समजत होतो. दुःखाची रक्कम वजा झाल्यावर काही उरले तर ते. आणि उरेपर्यंत हात लावायचा नाही. त्या हिशेबाने नातीच्या जन्माचा फोन मी दोन शब्दांत संपवला होता. लेकीने मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही. पण आई गमावून सहा महिने झालेली आणि परमुलखात बाळंत झालेली मुलगी त्या पहाटे फोनच्या दुसऱ्या टोकाला गप्प झाली होती, ती शांतता मी विसरलेलो नाही. त्यासाठी मी तिची क्षमा मागितली, ती पुढच्या आषाढात, वर्षश्राद्धाला ती बाळाला घेऊन आली तेव्हा. ती म्हणाली, “बाबा, आई असती तर तुमच्या हातून फोनच ओढून घेतला असता.” आम्ही दोघेही हसलो, आणि मग दोघांनाही रडू आले.

श्राद्ध आटोपल्यावर पायपेटीवरची चादर काढली. भात्याला उंदरांनी भोके पाडली होती. सावंतवाडीकडून एक कारागीर येऊन दुरुस्त करून गेला. फक्त मध्य सप्तकातला धैवत अजून ऐकत नाही. पट्टी दाबली की वाजतो आणि सोडली तरी थोडा वेळ वाजत राहतो. पुन्हा बोलवा, फुकट करून देतो, असे तो म्हणाला होता. मी अद्याप बोलावलेले नाही.

गेल्या चवथीला नात आली होती. तिला आता चांगले बोलता येते, मराठी आणि फ्रेंच सारख्याच हट्टाने. पेटीच्या पट्ट्यांकडे तिने पाहिलेदेखील नाही. ती सरळ खाली बसली आणि दोन्ही हातांनी भात्याचे पायटे दाबू लागली. मी वर बसून वडिलांच्या वेळची एक भजनाची चाल एका बोटाने काढू लागलो. वारा तिच्या लहरीवर. ती थांबली की सूर थांबे, ती पुन्हा दाबू लागली की तो मध्येच कुठेतरी उगवे, आणि धैवत आपला आपल्या मनाने रेंगाळे. मी मात्रा मोजू पाहिल्या आणि सोडून दिल्या. स्वयंपाकघरातून लेक ओरडली, नेवऱ्यांचा डबा भरून झाला आहे, तेरेखोलला जायचे तर आता निघा, नाहीतर फेरीबोट चुकेल. नात उठायला तयार नव्हती.

“अजून एकदा,” ती म्हणाली.